एक पार्किंग, दोन गाड्या : एमजीए की ई-क्लास?

मंडळी, या शनिवारी गड-किल्ले नाहीत, तह नाहीत, बखरी नाहीत. या शनिवारी गाड्या आहेत. पण काळजी नसावी, विषय इतिहासाचाच आहे.

प्रश्न साधा आहे. घरात एक जुनी, जिवापाड जपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे. खिशात आता एक नवी कोरी आलिशान गाडी घेण्याइतके पैसे आहेत. आणि सोसायटीत पार्किंग एकच आहे. (पुण्यात राहणाऱ्यांना हे शेवटचं वाक्य समजावून सांगायला नको.) काय ठेवावं?

माझ्या एका मित्रापुढे गेल्या वर्षी हा प्रश्न अक्षरशः असाच उभा राहिला. त्याचं काय झालं ते पुढे सांगतो. पण त्याच्याशी बोलता बोलता एक गोष्ट लक्षात आली. परदेशी मासिकांत हा प्रश्न आवडीनिवडीचा म्हणून येतो. म्हणजे तुम्हाला वारा आवडतो की एसी, इंजिनाचा आवाज आवडतो की शांतता. पुण्यात मात्र आवड हा त्यातला फार तर चौथा भाग. उरलेले तीन भाग जकातीचे, टॅक्सीच्या सुट्या भागांचे आणि भोसरीतल्या लेथ मशीनचे आहेत. ते कसे, ते बघू.

ही गाडी इथे आलीच कशी?

मित्राची गाडी म्हणजे एमजीए. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डची कंपनी, कारखाना जवळच्या अॅबिंग्डन गावात. एमजीए १९५५ साली आली आणि १९६२ पर्यंत बनत राहिली. एकूण १,०१,०८१ गाड्या. त्यातल्या ब्रिटनमध्ये फार थोड्या विकल्या गेल्या, बहुतेक सगळ्या निर्यात झाल्या, मुख्यतः अमेरिकेत. कारण दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं आणि निर्यात करेल त्या कारखान्याला आधी पोलाद, असा सरकारी हिशेब होता. म्हणजे ज्याला आपण इंग्रजी शौक म्हणतो ती गाडी मुळात परकीय चलन कमवायचं यंत्र होती!

अशा गाड्यांमधल्या काही भारतात आल्या. कोणी कंपनीचा गोरा साहेब घेऊन आला, कोणी वकिलातीतला अधिकारी. साहेब परत जाताना गाडी विकून गेला. त्यानंतर मात्र दार बंद झालं.

दार बंद झालं ते असं. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या अहवालावर सरकारने ठरवलं की ज्या कंपन्या बाहेरून सुटे भाग आणून नुसती जुळणी करतात आणि गाडी इथे बनवायचा कार्यक्रम आखत नाहीत, त्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला १९२८ पासून जुळणीचा कारखाना होता. तो बंद झाला. फोर्डही गेली. उरले मुख्यतः तिघे : कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली प्रीमियर, आणि मद्रासला स्टँडर्ड. पुढची तीस वर्षं भारतीय माणसाची निवड म्हणजे अँबॅसडर, फियाट किंवा स्टँडर्ड. तीही नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून.

तेव्हा सत्तरच्या दशकात पुण्यात कोणी एमजीए जपली असेल, तर ती 'क्लासिक' म्हणून नाही. तशी दुसरी मिळणारच नव्हती म्हणून. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या प्रेमकथांमध्ये हा परवान्यांचा काळ नेहमी विसरला जातो.

थोडं विषयांतर. ज्यांना जुनी आणि नवी दोन्ही परवडत होती त्यांचं काय झालं? मराठी माणसाचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे. १९३० च्या दशकात त्यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग एसजेची चासी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतली. त्या काळातली जगातली सर्वांत महागड्या गाड्यांपैकी एक. पण संस्थानं गेली, १९७१ साली तनखेही गेले आणि राजेरजवाड्यांच्या कितीतरी गाड्या त्या आधीच परदेशी संग्राहकांकडे निघून गेल्या होत्या. १९७२ साली सरकारने जुन्या गाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली तोवर बरंच काही गेलेलं होतं. राजांच्या गाड्या गेल्या, मध्यमवर्गीयांच्या राहिल्या. कारण मध्यमवर्गीयाची गाडी घ्यायला विमानाने कोणी येत नव्हतं. असो.

टॅक्सीने वाचवलेली स्पोर्ट्स कार

आता खरी गंमत. सुटे भाग नाहीत, आयात बंद, कंपनी सात हजार किलोमीटरवर. मग ही गाडी साठ वर्षं चालली कशी?

उत्तर : अँबॅसडरमुळे.

१९५२ साली ब्रिटनमध्ये ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन झाली. वेगवेगळ्या गाड्यांना वेगवेगळी इंजिनं देण्यापेक्षा तीन मापांची इंजिनं ठरवायची आणि सगळीकडे तीच घालायची, असं या नव्या कंपनीने ठरवलं. ए, बी आणि सी सीरिज. (आमच्या भाषेत सांगायचं तर शेअर्ड लायब्ररी.) बी सीरिजचं १४८९ सीसीचं इंजिन मॉरिस ऑक्सफर्ड या घरगुती गाडीत गेलं आणि तेच, दोन एसयू कार्ब्युरेटर लावून, एमजीएमध्ये गेलं. मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती हिंदुस्तान मोटर्सने घेतली. तीच आपली अँबॅसडर. सुरुवातीला तिच्यात जुनं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं, १९५९ च्या सुमारास तिलाही हे १४८९ सीसी इंजिन मिळालं.

म्हणजे बघा. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, चार सिलिंडर. कलेक्टरसाहेबांच्या लाल दिव्याच्या गाडीत, कलकत्त्याच्या टॅक्सीत आणि माझ्या मित्राच्या वडिलांच्या एमजीएमध्ये एकच इंजिन. एक इंग्लंडमध्ये ताशी दीडशेच्या पुढे पळायला बनवलेली, दुसरी पाच माणसं आणि टपावर वळकट्या घेऊन जायला बनवलेली. पण पिस्टन, रिंगा, बेअरिंग, व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट यातलं बरंचसं एकमेकांना चालतं. त्यामुळे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन 'एमजीएचं गॅस्केट द्या' म्हटलं तर दुकानदार हसेल, पण 'अँबॅसडरचं द्या' म्हटलं की काउंटरवर पुडी आपटेल!

फुकट काहीच मिळत नाही, तसं इथेही होतं. अँबॅसडरचं कॉम्प्रेशन कमी ठेवलेलं, कारण आपल्याकडचं पेट्रोल त्या काळी हलक्या ऑक्टेनचं. ते पिस्टन घातले की एमजीएची धाव थोडी कमी होते. पण गाडी चालू राहते. आणि इतिहासात टिकून राहणं ही काही लहान गोष्ट नाही.

अँबॅसडरचं उत्पादन मे २०१४ मध्ये थांबलं. टॅक्सी बंद झाली म्हणून स्पोर्ट्स कारवाल्यांनी कपाळाला हात लावला, असं जगात दुसरीकडे कुठे झालं असेल असं वाटत नाही :-)

वेड्या आट्यांची गोष्ट

एमजीएच्या आधीच्या एमजी गाड्यांचं नशीब मात्र एवढं चांगलं नव्हतं. टीसी, टीडी, टीएफ ही त्यांची नावं. त्यांच्या इंजिनाला एक्सपीएजी म्हणतात. या इंजिनाचा बोल्ट उघडायला गेलात तर पाना लागतो इंग्रजी व्हिटवर्थ मापाचा. आणि बोल्ट बाहेर काढून बघितलात तर त्याचे आटे निघतात मेट्रिक! डोकं इंग्रजी, धड फ्रेंच.

का? तर पहिल्या महायुद्धात हॉचकिस नावाच्या फ्रेंच कंपनीने मशीनगन बनवायला कॉव्हेंट्रीत कारखाना काढला. यंत्रं फ्रेंच पद्धतीची, म्हणजे मेट्रिक. युद्ध संपलं, मशीनगन कोण घेणार? मग त्यांनी मॉरिससाठी मोटारीची इंजिनं बनवायला घेतली. १९२३ साली मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. सगळी यंत्रं बदलायची तर खर्च मोठा, म्हणून आटे मेट्रिकच राहिले. पण इंग्लंडमधल्या गॅरेजात मेट्रिक पाने नव्हते, म्हणून बोल्टची डोकी मात्र व्हिटवर्थ केली. हा तात्पुरता तोडगा पुढे तीस वर्षं चालला.

माझ्यासारख्या लेगसी कोडवर दिवस काढणाऱ्या माणसाला हे वाचून डोळे भरून आले. १९१५ च्या सुमारास कोणीतरी युद्धासाठी घेतलेला निर्णय, आणि शंभर वर्षांनी पुण्यातला फिटर जुन्या बाजारात रविवारी सकाळी व्हिटवर्थ पाने शोधत फिरतोय. आपण लिहिलेल्या 'टेम्पररी फिक्स'चंही असंच होणार आहे, हे लक्षात ठेवा.

मुद्दा काय, तर हे सगळं विचित्र असलं तरी उघड आहे. बोल्ट काढा, आटे मोजा, लेथवर नवा बनवा. गाडी आपलं गुपित तुमच्यापासून लपवत नाही.

आणि पुण्यात लेथ आहेत! १९४६ पासून खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स, १९६० च्या दशकात आकुर्डीला बजाज, मुंढव्याला भारत फोर्ज, पिंपरी-चिंचवडला टेल्को. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोच्या पुण्याच्या प्रकल्पात आधी ट्रक नाही बनवले, आधी मशीन टूल्सचा विभाग उभा केला आणि माणसं शिकवली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. या मोठ्या कारखान्यांना लागणारे छोटे भाग बनवायला भोसरीत शेकडो जॉबवर्कची वर्कशॉपं निघाली. ड्रॉइंग आणा नाहीतर मोडलेला नमुना आणा, दोन दिवसांनी या. एमजीएचा जो भाग अँबॅसडरमध्येही सापडत नाही, तो इथे बनतो. जुनी विलायती गाडी पुण्यात टिकली ती पुण्याच्या कारखान्यांच्या सावलीत.

पुण्याची मर्सिडीज

आता दुसरी बाजू. आलिशान गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मर्सिडीजचा तारा येतो. पण भारतीय रस्त्यावर तो तारा आधी ट्रकवर आला. १९५४ साली टेल्कोने डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला मर्सिडीजचे ट्रक बनू लागले. करार १९६९ साली संपला.

मोटारगाडीसाठी आणखी पंचवीस वर्षं थांबावं लागलं. १९९१ नंतर धोरणं बदलली, १९९४ साली मर्सिडीज-बेंझ इंडिया स्थापन झाली आणि १९९५ साली पिंपरीत टेल्कोच्याच आवारात ई-क्लासची जुळणी सुरू झाली. ही होती डब्ल्यू१२४. गंमत अशी की हे मॉडेल जर्मनीत १९८४ पासून चालू होतं आणि आपल्याकडे आलं त्याच वर्षी युरोपात त्याची जागा नव्या डब्ल्यू२१० ने घेतली. म्हणजे आपली 'लेटेस्ट' गाडी आली तीच निवृत्त होऊन! गिऱ्हाइकांना हे कळत होतंच. पण आज जाणकारांना विचारा, डब्ल्यू१२४ म्हणजे मर्सिडीजने बनवलेल्या सर्वांत टिकाऊ गाड्यांपैकी एक, असंच सांगतील. आज तिला तीस वर्षं झाली. म्हणजे ती आलिशान गाडी स्वतःच आता क्लासिक झाली.

२००९ साली कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. २०११ मध्ये चिखलीला टाटांच्या जॅग्वार लँड रोव्हरची जुळणी सुरू झाली, २०१३ मध्ये तिथे जॅग्वार एक्सएफ आली. सप्टेंबर २०२२ मध्ये चाकणहून विजेवर चालणारी ईक्यूएस बाहेर पडली, २०२४ मध्ये चिखलीत रेंज रोव्हर जोडायला लागले. आलिशान गाड्यांच्या बाबतीत पुणे हे आता भारताचं माहेर म्हणायला हरकत नाही.

पण या यादीत काय नाही ते बघा. दोन सीटची, उघड्या टपाची गाडी नाही. जॅग्वारने चिखलीत सेडान जोडल्या, एफ-टाइप मात्र आख्खी बाहेरून आली (आता तर तिचं उत्पादन जगभरातच २०२४ मध्ये थांबलं). कारण जकात. तयार महागडी गाडी आणली तर सगळे कर धरून वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांच्या वर शुल्क, आणि सुटे भाग आणून इथे जोडली तर त्याच्या लहानशा हिश्शाइतकं. जोडणी परवडायला गाड्या पुरेशा विकल्या जायला हव्यात, आणि मागच्या सीटवर बसणारा गिऱ्हाईक आपल्याकडे जास्त. २०१७ पासून चाकणला बनणारी ई-क्लास तर मुद्दाम लांब व्हीलबेसची केली आहे, मागे पाय पसरता यावेत म्हणून. (जुलै २०२५ मधल्या ब्रिटनबरोबरच्या करारात ही जकातीची भिंत टप्प्याटप्प्याने उतरवायचं ठरलंय, पण तेही ठरावीक संख्येपुरतं.)

नाही म्हणायला आपल्याकडे स्वदेशी प्रयत्न झाले. गोव्यात सॅन मोटर्सने फायबरग्लास बॉडीची आणि रेनॉच्या छोट्या इंजिनाची 'स्टॉर्म' काढली. दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या ऑटो एक्स्पोत डीसी अवंती दाखवली, तिचंही इंजिन रेनॉचंच. दोन्ही थोड्याच बनल्या.

म्हणजे मित्रापुढची निवड नीट मांडायची तर अशी : एक गाडी अशी की तिच्यात चालवणारा राजा. दुसरी अशी की तिच्यात मागे बसणारा राजा. आणि पहिल्या जातीची गाडी या शहरात जन्मत नाही, फक्त जगवली जाते.

कुलूप

मी भावनेच्या भरात जुन्या गाडीची बाजू घेतोय असं वाटू नये म्हणून आधी हे सांगतो. एमजीएमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही, बेल्ट नंतर बसवलेला. मुंबईचा एक्सप्रेसवे घेऊन रात्री बायको-मुलांसह जायचं असेल तर चाकणची गाडी घ्यावी, यात वादच नाही. सत्तर वर्षांत गाडीच्या सुरक्षिततेत झालेली प्रगती ही खरी प्रगती आहे.

पण नव्या गाडीत एक नवी गोष्ट आली, ती म्हणजे कुलूप. आजच्या आलिशान गाडीत डझनावारी छोटे संगणक असतात आणि कोट्यवधी ओळींचा कोड. कितीतरी भाग नुसते बसवून चालत नाहीत. बसवल्यावर कंपनीचं निदान-यंत्र जोडायचं, ते कंपनीच्या सर्व्हरशी बोलणार, मग तो भाग 'आपला' म्हणून ओळखला जाणार. भोसरीतला टर्नर लाख हुशार असेल, त्याला लेथवर पासवर्ड कातता येत नाही.

याची चुणूक जुन्या मर्सिडीजमध्येच दिसली होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या मर्सिडीज गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगचं आवरण पर्यावरणाला सोयीचं, विघटन होणारं वापरलं होतं. ते उष्णतेने खरोखरच विघटित झालं! लोखंड पाच लाख किलोमीटर चालायला तयार आणि वायरींचा भुगा. पण वायर निदान दिसते, तिला हात लावता येतो. सॉफ्टवेअर म्हातारं होतं तेव्हा काहीच दिसत नाही. सर्व्हर बंद झाला, तो कोड जुना झाला म्हणून सोडून दिला, की चांगली धडधाकट गाडी शोभेची वस्तू.

आणि यातली सगळ्यात बोचरी गोष्ट सांगू? तो कोड कुठे लिहिला जातो? मोठा हिस्सा बंगळूरला आणि आपल्या हिंजवडीला. पुण्याच्या केपीआयटीसारख्या कंपन्या जगभरच्या मोटार कंपन्यांसाठी हेच काम करतात. म्हणजे एमजीएचा पिस्टन पुण्यात बसतो आणि नव्या गाडीचा कोडही पुण्यात लिहिला जातो. शहर तेच. फरक एवढाच की पिस्टन बसवणाऱ्याला आपण काय बसवतोय ते गिऱ्हाइकाला दाखवता येतं, आणि कोड लिहिणाऱ्याला करारानुसार दाखवता येत नाही. जुनं चांगलं आणि नवं वाईट असं मला म्हणायचं नाही. उघडता येणारं आणि न येणारं, एवढाच मुद्दा आहे.

सरकारच्याही हे कानावर गेलं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ सालीच गाडी दुरुस्त करण्याच्या हक्काचा कायदा केला. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात मोटारगाड्या हा एक विभाग आहे. पोर्टलवर माहिती ठेवणं हे कुलूप उघडण्याइतकं मोठं पाऊल नाही, पण निदान कुलूप आहे हे मान्य झालं.

मग मित्राने काय केलं?

त्याचे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. परत जाणाऱ्या एका परदेशी साहेबाकडून त्यांनी ती एमजीए सत्तरच्या दशकात घेतली. वडील गेले. गाडीच्या दारांखालचे पत्रे गंजलेले, इंजिन धूर सोडणारं. ई-क्लासचं कोटेशन हातात. घरात दोन पक्ष. बायकोचं म्हणणं रास्त होतं की वर्षातून चार रविवार चालणाऱ्या गाडीने रोजच्या गाडीची जागा अडवू नये. काकू, म्हणजे त्याच्या आई, एवढंच म्हणाल्या, "विकायची तर वीक रे, पण जो दुरुस्त करेल त्याला वीक. भंगारवाल्याला नको."

कायद्याचं गणितही बघितलं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,०००. पण मग ती रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन आणि दुरुस्ती-पेट्रोलापुरतीच. साध्या नोंदणीवर ठेवायची तर दर पाच वर्षांनी फिटनेस, हरित कर, आणि आयात गाडीला देशी गाडीच्या कितीतरी पट शुल्क.

निर्णय ठरला तो पैशाने नाही. गाडी ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं जाते, ते भोसरीचे टर्नर काका आता सत्तरीच्या पुढे आहेत. मित्र त्यांना इंजिनाबद्दल विचारायला गेला. त्यांनी कागद न बघता सांगितलं की कुठल्या जर्नलला किती अंडरसाइझ बेअरिंग आहे, वॉटर पंपाचा शाफ्ट कुठल्या स्टीलचा केला होता, आणि अँबॅसडरचा कुठला भाग दिसायला सारखा असून बसत नाही. मित्राने विचारलं, हे कुठे लिहून ठेवलंय का? काका म्हणाले, "लिहायला काय, तुझे बाबा विचारायचे, मी सांगायचो."

मुलगा त्यांचा धंद्यात नाही. तो हिंजवडीत आहे.

मित्राने ई-क्लास घेतली नाही. साधी हॅचबॅक घेतली, ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये. एमजीएसाठी धायरीच्या बाजूला एक शेड भाड्याने घेतली. आणि गेले कित्येक शनिवार तो वही घेऊन भोसरीला जातो. काका बोलतात, हा लिहितो, मापं घेतो, फोटो काढतो. आजवर दोनशे पानी वही अर्धी भरली आहे. तुमच्यापैकी काही जण म्हणतील हा वेडेपणा आहे, एवढ्या कष्टात दोन ई-क्लास आल्या असत्या. हिशेबाने तुमचं बरोबर आहे.

मला मात्र यात एक इतिहासाचं काम दिसतं. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्या टिकल्या त्या नुसत्या प्रेमाने नाहीत. तिथे ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने मूळ डाय आणि साचे जपले, आणि १९८८ साली एमजीबीच्या आख्ख्या नव्या बॉडी त्याच साच्यांतून काढायला सुरुवात केली. जॅग्वारने २०१४ मध्ये १९६३ च्या रेसिंग ई-टाइपचे राहिलेले सहा नंबर पुन्हा बनवले, कारण मूळ नोंदी शिल्लक होत्या. टाटांच्याच मालकीची कंपनी ही! आपल्याकडे मात्र साचा माणसाच्या डोक्यात असतो आणि नोंद माणसाच्या बोटांत. माणूस गेला की दोन्ही गेलं.

तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे, मग ती एमजी असो, फियाट असो, नाहीतर बजाजची चेतक, त्यांना एकच विनंती. ठेवायची की विकायची ते तुमचं तुम्ही ठरवा. पण तिच्या मेकॅनिककडे एकदा वही घेऊन जा आणि काय कशाला बसतं ते लिहून घ्या. नवी गाडी घेणाऱ्यांनीही शोरूममध्ये रंग आणि सनरूफ विचारून झालं की एक प्रश्न जरूर विचारावा : वीस वर्षांनी हिचं सॉफ्टवेअर कोण बघणार? उत्तर मिळालं तर मलाही कळवा, कारण तो कोड लिहिणाऱ्यांपैकी निम्मे लोक माझ्याच कँटीनमध्ये जेवतात आणि त्यांनाही ते माहीत नाही.

पुढच्या शनिवारी पुन्हा किल्ल्यांकडे वळू. तोवर नमस्कार.